बंद पडलेला बिडाचा नळ

घरातली एखादी खोली वापरात नसली तर आपण तिला कुलूप घालतो. विहीर आटली तर तिच्यावर जाळी टाकतो. पण सांडपाण्याचा नळ बंद पडला तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. नहाणी मागल्या दारी गेली, संडास नवा बांधला, भिंतीवरून प्लॅस्टिकचे पांढरे पाइप उतरले आणि जुना काळा नळ कोपऱ्यात तसाच उभा राहिला. त्यातून पाणी येत नाही, जात नाही. मग त्याचा त्रास तो काय, असे आपल्याला वाटते. मिस्त्रीही म्हणतो, "काकू, कशाला उगं खर्च करता? राहू द्या की तसाच." या तसाच राहिलेल्या नळाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

नळ म्हणजे येथे पाण्याची तोटी नव्हे. सांडपाणी खाली नेणारा जाड, काळा पाइप. तो बिडाचा असतो. बीड म्हटले की आपल्याकडे शेजारचा जिल्हा आठवतो, पण येथे बीड म्हणजे ओतीव लोखंड. ज्याचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला तर दोन तुकडे होतात, तेच हे. पूर्णेच्या लोकांना बीड नवे नाही. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची मीटर गेज लाइन येथून गेली आणि पुढे गावाचे जंक्शन झाले. रेल्वेत जुन्या काळी गाड्यांच्या ब्रेकचे ठोकळे बिडाचे असत, रुळाखालचे कित्येक स्लीपरही बिडाच्या पाट्यांचे असत. दाबाला बीड फार कणखर. वरून कितीही भार घाला, ते बसून राहते. पण वाकवू गेलात किंवा आडवा घाव घातलात की तडकते. हा त्याचा स्वभाव ध्यानात ठेवावा. नळ कापताना हाच स्वभाव कधी उपयोगी पडतो, तर कधी माणसाच्या पायावर येतो.

गंजाने बिडाची चाळण व्हायला फार वर्षे लागतात. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी आले ते बिडाच्याच नळातून. म्हणून तुमच्या आजोबांनी बसविलेला नळ वरून फुटलेला दिसला नाही तर नवल नाही. पण नळ धड असणे आणि तो निरुपद्रवी असणे या दोन गोष्टी वेगळ्या.

नहाणीच्या मोरीखाली एक वाकडा तुकडा असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात नेहमी चार-पाच सेंटीमीटर पाणी साचून राहते. गटारातली हवा घरात येऊ नये म्हणून घातलेले हे पाण्याचे बूच आहे. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले, आणि आजतागायत याहून सोपी युक्ती कोणाला सापडलेली नाही. मात्र एक अट आहे. हे बूच जागेवर राहावयाचे तर वरून अधूनमधून पाणी पडले पाहिजे. वापर थांबला की ते पाणी उडून जाते. आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा काही आठवड्यांतच ट्रॅप कोरडा पडतो. मग गटार आणि माजघर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. रात्री झुरळे वर येतात, उंदीर येतात. उंदराला उभा नळ चढायला शिडी लागत नाही. आणि वास येतो. घरातली मंडळी फिनेल ओततात, उदबत्ती लावतात, दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच.

तो वास नुसता वास असता तर एवढे बोलण्याचे कारण नव्हते. मैला कुजताना जे वायू निघतात त्यांत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि पेट घेणारा मिथेन असतो. हायड्रोजन सल्फाइडची खोड अशी की तो थोडा असला तर वास येतो. फार झाला तर नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. बंद खड्ड्यात तो माणसाला ओरडण्याइतकाही वेळ देत नाही. २०२३ च्या मे महिन्यात आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा येथे सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर मृत्युमुखी पडले. घरातल्या नळाच्या तोंडाशी एवढा वायू साचत नाही हे खरे. पण त्या नळाचे दुसरे टोक ज्या टाकीत किंवा चेंबरात आहे, तेथे तो असू शकतो. म्हणून नळाचे काम काढले आणि "जरा खाली उतरून बघ रे" असे कोणी म्हणाले, तर त्याला तेथेच थांबवावे. २०१३ च्या कायद्याने धोक्याच्या अशा सफाईसाठी माणसाला टाकीत किंवा गटारात उतरविणे हा गुन्हा आहे. चेंबरचे झाकण उघडून, बाजूला उभे राहून, लांबून पाहावे; उतरू नये, वाकून तोंड आत घालू नये, आणि काडी तर पेटवूच नये.

मग करायचं काय? नळ कापावा आणि उरलेल्या टोकाला पक्के टोपण घालावे. हे काम एका दिवसाचे आहे. पण त्याआधीचे एक काम आहे, आणि माझ्या मते खरी अक्कल तेथेच लागते. नळ खरोखर मेला आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

जुन्या वाड्यांत आणि भावाभावांत वाटण्या झालेल्या घरांत नळाचे कूळ ओळखणे सोपे नसते. आपल्या बाजूची नहाणी बंद झाली असेल, पण भिंतीपलीकडे धाकट्या काकांची मोरी त्याच नळाला जोडलेली असू शकते. गच्चीवरचे पावसाचे पाणी त्यातून उतरत असेल, तर उन्हाळ्यात नळ आठ महिने कोरडा दिसेल आणि मृगाच्या पहिल्या सरीला घर भरेल. म्हणून नळाबरोबर चालत जावे. तो वर कोठे संपतो, वाटेत त्याला कोठे कोठे फाटे आहेत, खाली कोणत्या चेंबरात उतरतो, हे डोळ्यांनी पाहावे. मग घरातल्या आणि शेजारच्याही प्रत्येक मोरीत, बेसिनात, संडासात आळीपाळीने रंगीत पाणी ओतावे, आणि एकाने नळाला कान लावून ऐकावे, दुसऱ्याने चेंबरशी उभे राहून पाहावे. रंगासाठी कपड्यांची नीळ चांगली. कित्येक जण विहिरीत टाकतात ते लाल औषध घालतात. पण घाणीशी गाठ पडताच त्याचा लाल रंग जाऊन तपकिरी होतो आणि मैल्याच्या पाण्यात तो ओळखू येत नाही. एका जागी दोन बादल्या ओताव्या. तांब्याभर पाणी लांबच्या नळात वाटेतच जिरून जाते आणि आपली फसगत होते. गच्चीच्या तोंडाशीही बादली ओतून पाहावी.

याहून मोठी फसगत वाऱ्याच्या नळाची. काही नळांतून पाणी कधीच जात नाही, आणि जावे असे अपेक्षितही नसते. छपराच्या वर उभा, तोंडावर जाळी किंवा टोपी असलेला नळ हा बहुधा वाऱ्याचा नळ असतो. सेप्टिक टँकमधला वायू त्यातून वर मोकळ्या हवेत जातो, आणि संडासात पाणी सोडल्यावर आतली हवा ओढली जाऊन ट्रॅपचे पाणी खेचले जाऊ नये, हेही काम तोच करतो. हा नळ कोरडा आहे म्हणून मेलेला समजून कापला आणि बंद केला, तर चांगले चालू असलेले ट्रॅप एकेक करून रिकामे होऊ लागतात. पाणी सोडले की बेसिनात गुळगुळ असा आवाज येतो. घरभर वास सुटतो आणि लोक नव्या प्लॅस्टिकच्या पाइपांना दोष देतात. छपरावर गेलेला नळ कापण्याआधी टाकीला वाऱ्याची दुसरी वाट आहे की नाही, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. नसेल, तर तो नळ ठेवावा. फार तर घरातले त्याचे फाटे बंद करावे.

आणखी एक पारख. जुना करडा पाइप बिडाचाच असेल असे नाही. कित्येक घरांत पावसाचे आणि वाऱ्याचे नळ अॅस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. वर रंग चढला की दोन्ही सारखेच दिसतात. घरातले लोहचुंबक लावून पाहावे. बिडाला ते चिकटते, सिमेंटला चिकटत नाही. हातोडीने हलकेच ठोकले तर बीड घंटेसारखे वाजते, सिमेंट बद्द आवाज देते. अॅस्बेस्टॉसचा निघाला तर करवत खाली ठेवावी. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी रोग उमटतो. त्याचे काम वेगळ्या रीतीने, ओले करून, माहितगाराकडूनच झाले पाहिजे.

आता बिडाच्या वजनाचा अंदाज घ्या. चार इंची, पाच मिलिमीटर जाडीचा नळ मीटरला सुमारे बारा किलो भरतो. एका मजल्याच्या उंचीचा नळ सॉकेटांसकट चाळीस किलोच्या आसपास जातो. म्हणजे ज्वारीचे लहानसे पोते भिंतीला टांगलेले आहे, असे समजा. ते कशावर टांगले आहे? सॉकेटाला दोन्ही बाजूंनी कान असतात, त्यांतून लांब खिळे घालून भिंतीतल्या लाकडी खुंट्यांत ठोकलेले असतात. पन्नास वर्षांत त्या खुंट्या वाळवीने खाल्ल्या असण्याचा संभव फार. नळ उभा दिसतो तो केवळ खालच्या तुकड्यावर वरचा तुकडा बसला आहे म्हणून. अशा वेळी कोणी उत्साहाने खालचाच तुकडा आधी कापला, तर वरचा सगळा नळ खाली येतो.

म्हणून सुरुवात वरून. प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वी कापण्याच्या जागेच्या वर आणि खाली भिंतीत नवे पट्टीचे क्लँप मारून नळ आवळून घ्यावा. भिंत कच्ची, मातीची असेल तर खालून लाकडी टेकू द्यावा आणि वरून दोर बांधून तो भक्कम तुळईला गुंडाळावा. दोर एकाच्या हाती, करवत दुसऱ्याच्या. पोरे अंगणातून हलवावी. हे काम एकट्याने करू नये, आणि शिडीच्या टोकावर उभे राहून तर मुळीच नाही. कैचीची शिडी किंवा बांबूचा माचा बांधावा. कापण्याच्या आदल्या दिवशी नळातून वरून दहा-बारा बादल्या पाणी सोडून तो धुऊन घ्यावा आणि खिडक्या-दारे उघडी ठेवावी.

कापण्याच्या तऱ्हा तीन-चार. साध्या लोखंडी करवतीने बीड कापता येते. वेळ लागतो, पाती दोन-तीन जातात, पण ठिणगी उडत नाही आणि हात आवरता येतो. घरच्या माणसाने करायचे तर मी हीच तऱ्हा सांगेन. करवत सरळ चालावी म्हणून नळाभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळून खडूने रेघ मारून घ्यावी. पट्टीच्या दोन्ही कडा जुळल्या की रेघ आपोआप काटकोनात येते. आजकाल जो तो ग्राइंडर काढतो. त्याने काम झटपट होते, पण ठिणग्यांचा फवारा उडतो, आणि ज्या नळाचे दुसरे टोक मैल्याच्या टाकीत आहे त्याच्या तोंडाशी ठिणग्या नकोत. ग्राइंडर लावायचाच असेल तर आधी टाकीच्या बाजूचे तोंड ओल्या मातीने किंवा फुगणाऱ्या रबरी बुचाने बंद करावे, डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला मास्क असावा, आणि चकतीवरचे संरक्षक कवच काढू नये. नळ खचून फटीत चकती दाबली गेली तर ती फुटते. वर सांगितलेले क्लँप त्याही कारणासाठी.

साखळीचे कटर मिळाले तर उत्तम. दातेरी चाकांची साखळी नळाभोवती गुंडाळून पेच आवळीत गेले की सगळीकडून सारखा दाब येतो आणि टक्कन आवाज होऊन नळ वर्तुळात तडकतो. बिडाचा ठिसूळपणा येथे आपल्या बाजूने काम करतो. जुने कारागीर हेच छिन्नीने करीत. खडूच्या रेघेवर छिन्नी धरून हलक्या हाताने टक्-टक् करीत नळाभोवती फेऱ्या मारावयाच्या. पाचव्या-सहाव्या फेरीला आवाज बदलतो, घंटेची किणकिण जाऊन फुटक्या मडक्यासारखा नाद येतो, आणि नळ सुटतो. हे पाहायला सुरेख, पण हातात सवय नसेल तर चीर भलतीकडे जाते. खालचा उरलेला भाग फुटला, तर टोपण बसवायला जागाच उरत नाही.

जोडाजवळ कापू नये. सॉकेटापासून वीतभर दूर राहावे. जुन्या जोडांत सुतळी ठासून वर शिसे ओतलेले असते. ते तापवून काढण्याचा मोह होतो, कारण शिसे ३२७ अंशांवर वितळते आणि चूल-बर्नरला ते अवघड नाही. पण त्याची वाफ विषारी असते. छिन्नीने थंडच उकरावे, हात साबणाने धुवावे, आणि त्याचे तुकडे पोरांच्या हाती लागू देऊ नये.

नळ कोठे कापावा, यालाही नियम आहे. चालू गटाराला जोडलेला फाटा असेल तर चालू नळाच्या जितके जवळ तितके बरे. लांब आंधळा तुकडा ठेवला तर त्यात मैला मागे सरकून साचतो, आणि वास टोपणाच्या आत का होईना, राहतोच. फक्त टोपण धरण्यापुरते दहा-पंधरा सेंटीमीटर टोक ठेवावे. जमिनीतून वर येणारा नळ फरशीच्या खाली गाडण्याआधी थोडा वर राखावा. पुढे कधी उघडण्याची पाळी आली तर सापडेल.

टोपणाविषयी लोक फार हलगर्जी असतात. गोणपाट कोंबतात, लाकडाचा दट्ट्या ठोकतात, फार झाले तर सिमेंटचा गोळा थापतात. गोणपाट कुजते. लाकूड उन्हाळ्यात सुकून सैल होते. सिमेंट वाळताना आकसते, गंजलेल्या बिडाला धड धरत नाही, आणि खाली आधार नसेल तर गोळाच एक दिवस नळात उतरून बसतो. चांगली रीत अशी की बाहेरून बसणारे टोपण रबरी कड्यासकट घ्यावे आणि पोलादी पट्ट्याने आवळावे. मापासाठी नळाभोवती दोरा गुंडाळावा आणि दोऱ्याच्या लांबीला ३.१४ ने भागावे. दोरा साडेचौतीस सेंटीमीटर भरला तर बाहेरचा व्यास अकरा सेंटीमीटर झाला. दुकानात नुसते "चार इंची द्या" म्हणू नये, कारण चार इंच हे आतले माप. जाडी धरून बिडाचे बाहेरचे माप वेगळे भरते आणि प्लॅस्टिकच्या पाइपाचे त्याहून वेगळे असू शकते. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करावी, बाहेरचा गंज आणि डांबर तारेच्या ब्रशाने खरवडून काढावे, नाहीतर रबर बसत नाही. कापण्याऐवजी जोड उकलला आणि सॉकेटाचे तोंड वर राहिले, तर त्यात तेवढ्याच जाडीचे बिडाचे किंवा प्लॅस्टिकचे बूच बसवून भोवती डांबरी सुतळी ठासावी आणि वरून सिमेंट भरावे. येथे सिमेंटला खाली आधार असतो म्हणून ते चालते.

बसविलेले टोपण घट्ट आहे का, हे उदबत्तीच्या धुराने पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. साबणाचा फेस कडेने लावावा आणि कोणाला तरी त्याच गटारावरच्या संडासात बादलीभर पाणी जोराने सोडायला सांगावे. पाण्याने आतली हवा ढकलली जाते. फट असेल तर फेसाला बुडबुडा येतो.

भिंतीवर वरचा काही भाग राहू देणार असाल तर त्याचेही वरचे तोंड बंद करा. नाहीतर त्यात पावसाचे पाणी साचून डेंगीच्या डासाला घर मिळते. निरुपयोगी झालेल्या मोरीचा ट्रॅपही तसाच सोडू नये. तो काढून जागा भरून घ्यावी.

आपल्या भागाची काळी जमीन येथे विसरून चालणार नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. तिच्यात पुरलेला नळ दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो आणि त्याचे जोड सैल होतात. म्हणून जमिनीखालचे टोपण मातीतच न गाडता भोवती विटांचा लहानसा चौक बांधून वर फरशीचे झाकण ठेवावे. पहिला पाऊस झाला, नाले भरून वाहू लागले, की एकदा झाकण उचलून पाहावे. पुराच्या वेळी गटाराचे पाणी उलटे येते, आणि टोपणाची खरी परीक्षा त्या दिवशी असते. चौकाची जागा घराच्या दोन कोपऱ्यांपासून मोजून, तारीख घालून, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवून द्यावी.

हे सगळे स्वतःच्या घरापुरते. रेल्वेच्या क्वार्टरात राहणाऱ्यांनी नळाला हात न लावता बांधकाम विभागाच्या सेक्शन इंजिनिअरकडे लेखी कळवावे. नळ सार्वजनिक गटारात उतरत असेल तर नगरपरिषदेला आधी सांगावे. काढलेले बीड भंगारवाला वजनावर घेतो आणि ते पुन्हा भट्टीत जाते. तुकडे धुऊन, आत काही अडकलेले नाही हे पाहून द्यावे. शिसे मात्र वेगळे बांधून द्यावे.